उशीवाले तांडेल

मुंबई बंदरात हौसेने शिडाच्या बोटी चालवणाऱ्यांत हे गृहस्थ हमखास सापडतात. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे, नोकरी बँकेत नाहीतर विम्यात झालेली, आणि बोट कुणाचीही असो, सुकाणू यांच्याच हातात. बाकीची मंडळी वारा किती, ओहोटी कधी, असं विचारत धक्क्यावर येतात. काका विचारतात, "माझी उशी घेतली का?"

ही उशी म्हणजे जुन्या रेनकोटच्या कापडात शिवलेला फोमचा चौकोन. तिला नाडी असते आणि ती बोटीला बांधलेली असते. आधीची उशी वाऱ्याने पळवली, ती अलिबागला कुणीतरी वापरत असणार, असं काका अजून हळहळून सांगतात. उशीपाठोपाठ गळ्याभोवती पंचा, लाटेचं पाणी मानेवरून पाठीत उतरू नये म्हणून. खिशात आलेपाक. आणि एप्रिलच्या मुंबईत, पिशवीत चक्क लोकरीची माकडटोपी!

पोरं हसतात. पण प्राँग्ज दीपस्तंभ मागे पडला की ओहोटीच्या पाण्याची आणि पश्चिमेच्या वाऱ्याची जुंपते, लाटा आखूड आणि उभ्या होतात. दोन लाटा अंगावर आल्या, ओल्या टी-शर्टात वारा शिरला, की हसणाऱ्यांचेच दात वाजू लागतात. काका टोपी कानांवर ओढत म्हणतात, "थंडी वाजायच्या आधी घालायचं, भूक लागायच्या आधी खायचं."

बोट कलली की सगळे मिळेल ते धरून लोंबकळतात. काका वाऱ्याकडच्या उंच बाजूला ऐसपैस, पाय समोरच्या बाकाला टेकवलेले, गुडघे जरासे वाकवलेले, सुकाणूचा दांडा दोन बोटांत. दांडा जड झाला, बोट हट्टाने वाऱ्याकडे वळू लागली, तरी ते जोर लावत नाहीत. "शीड जास्त झालंय. आखडा."

"काका, अजून थोडा वेळ बघू या का?"

"आखडावं का, असं तुझ्या मनात आलं ना? मग वेळ झाली."

शीड आखडायला पोरं पुढे जातात, नखशिखान्त भिजून येतात. उशी कोरडी असते. शर्यतीत मागे पडल्याची कुरकुर झाली, तर उत्तर तयार: "पहिलं येऊन पाठ शेकत बसायचंय का?"

दंडाच्या ताकदीचा विषय निघालाच, तर काका दिलीप दोंद्यांना साक्षीला बोलावतात. गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून २०१० साली परतलेला हा पहिला भारतीय. "एकटा माणूस इतके महिने काय दांडा कवटाळून बसेल? सुकाणू यंत्राच्या हवाली करून झोपताही यायला हवं!" मग आमच्याही हवाली करा की, असं कुणी म्हटलं, तर काकांना ऐकू येत नाही. वारा फार असतो.

सुकाणू मिळवायचा मार्ग एकच, बोट लागणं. एखाद्याचा चेहरा पांढराफटक पडला की काका स्वतः उठतात, त्याला आपल्या उशीवर बसवतात, हातात दांडा देतात. "खाली बघू नकोस. तो दूरचा दीपस्तंभ बघ." औषध गुणकारी आहे. नजर क्षितिजावर असते, येणारी लाट दिसते, बोट कशी हलणार ते आधीच कळतं, आणि पोट हळूहळू शहाण्यासारखं वागायला लागतं. थोड्या वेळाने तो मुलगा गाणंही गुणगुणू लागतो.

इकडे काका बाकावर. लागोपाठ तीन आलेपाक तोंडात, कपाळावर घाम, नजर त्याच दीपस्तंभावर. ते इतकी वर्षं सुकाणू सोडत नाहीत ते अनुभवामुळे, असा सगळ्या बोटीचा समज असतो. शेवटी पंच्याने तोंड पुसत काका कळवळून विचारतात, "तुला बरं वाटतंय ना आता? मग ऊठ बाबा लवकर!"