आयजीच्या जिवावर ग्राफिक्स कार्ड

डेबियन या फुकट मिळणाऱ्या लिनक्स सिस्टीमच्या नव्या आवृत्तीचा फ्रीज लागला, म्हणजे नव्या गोष्टी आत घ्यायचं बंद झालं, की एका जमातीला जाग येते. दोन वर्षं घोरत असलेला हा गृहस्थ डोळे चोळत विचारतो, ‘‘माझ्या कार्डाचा ड्रायव्हर कुठाय?’’ कार्ड 2008 सालचं, सिस्टीम आजची, मोबदला शून्य आणि काम कालच व्हायला हवं होतं. फुकट ते पौष्टिक, हे आपल्याकडे जुनंच आहे. फुकटावर वॉरंटी मागणं ही मात्र नवी प्रगती.

ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाच्या 340 मालिकेच्या ड्रायव्हरचंच घ्या. जीफोर्स 8 ते 300 या पिढ्यांचा हा शेवटचा ड्रायव्हर. 2019 संपताना कंपनीने त्यातून अंग काढून घेतलं. डेबियन 10 मध्ये तो होता, ऑगस्ट 2021 मध्ये आलेल्या डेबियन 11 मधून गळला. मग काय, डेबियनवाले गरिबांचे वैरी ठरले! कार्ड विकलं कोणी, पैसे घेतले कोणी, हे विचारायला कुणाला सवड नव्हती.

या ड्रायव्हरच्या गाभ्याचा कोड बंद आहे, कंपनीबाहेर कुणाला तो वाचता येत नाही. कर्नेल, म्हणजे लिनक्सचं मूळ अंग, दोन-अडीच महिन्यांनी नवा येतो आणि आतली फंक्शनं बदलत राहतात. बाहेरचा जोडकोड पॅच मारून रेटता येतो. पण गाभ्यात सुरक्षेचं भोक सापडलं, तर बुजवायचं कोणी? जे गाठोडं सोडून बघता येत नाही, त्याची पुढची काही वर्षं हमी द्यायची, तीही बिनपगारी. या पदासाठी ड्रायव्हर मागणाऱ्या अर्जदारांनीच अर्ज करावेत. जागा भरपूर आहेत.

आणि या कार्डाहून म्हातारी फ्लॉपी कशी टिकली? जुलै 2019 मध्ये लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स याने कर्नेलमधला फ्लॉपीचा ड्रायव्हर चक्क ‘अनाथ’ म्हणून नोंदवला, कारण सांभाळणाऱ्याकडे चालणारी फ्लॉपी ड्राइव्हच उरली नव्हती. लवकरच दुसरा पालक पुढे आला. म्हणजे 1.44 एमबीची चकती जिवंत आणि गेममधले राक्षस रंगवणारं कार्ड स्वर्गवासी. फ्लॉपीचा कोड उघडा होता, एवढंच तिचं भाग्य.

(उघडा म्हणजे अमर, असंही नाही. ज्या 386 चिपवर लिनक्स जन्मला, तिलाच डिसेंबर 2012 मध्ये कर्नेलमधून निरोप मिळाला. टोरवाल्ड्सने तेव्हा हळवं व्हायला साफ नकार दिला. आपल्याकडे निदान शोकसभा झाली असती, शाल-श्रीफळासह.)

एनव्हिडियाच्या या जुन्या कार्डांसाठी नुव्हो नावाचा खुला ड्रायव्हर आहे. कार्डाची अंडीपिल्ली बाहेरूनच शोधून लोकांनी तो लिहिला. पडदा दिसतो, खिडक्या हलतात. कार्डाचा वेग आपोआप वाढवणं मात्र त्याला जमत नाही. तर अर्जदार त्यावरही नाराज! कंपनीने दार लावून घेतलं, तरी शिव्या खिडकीतून आत शिरणाऱ्यालाच.

मे 2022 मध्ये कंपनीला उदारतेचा झटका आला. तिने आपल्या ड्रायव्हरची कर्नेलमध्ये बसणारी मॉड्यूलं खुली केली, टाळ्या झाल्या. पण ती ट्युरिंग या नव्या पिढीच्या आणि त्यापुढच्या कार्डांसाठी आहेत. 340 वाल्यांनी त्या टाळ्यांत आपले हात दुखवू नयेत. त्याच हातांनी पुढचा अर्ज लिहावा आणि या वेळी तरी तो कंपनीच्या पत्त्यावर टाकावा.