नो सूनर, दॅन आणि तोंडीचे वीस मार्क

इंग्लंडातल्या माणसाला वाक्यातला 'टू' काढता येत नाही. लंडनच्या रस्त्यात कुणालाही गाठा आणि म्हणा, 'द टी इज टू हॉट टु ड्रिंक, रिमूव्ह टू.' तो बिचारा चहा फुंकून पिईल, पण वाक्याला हात लावणार नाही. आपल्याकडे दहावीचं पोर झोपेतून उठवून विचारा. 'द टी इज सो हॉट दॅट वन कॅनॉट ड्रिंक इट.' चहा तिथंच राहतो, एक मार्क खिशात पडतो.

ज्यांची ही भाषा, त्यांना जे जमत नाही ते आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलो आहोत, आणि तरी लोक म्हणतात की महाराष्ट्राचं इंग्रजी कच्चं आहे.

तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही हायस्कुलात दहावीच्या तासाला खिडकीशी उभं राहावं. सर फळ्यावर 'अ‍ॅज सून अ‍ॅज आय हर्ड द बेल, आय रॅन' लिहितात आणि मोहिमेला निघतात. 'हं, अ‍ॅज सून अ‍ॅज खोडा. त्या जागी नो सूनर मांडा. डिड पुढं ओढा. हर्डचं हिअर करा. स्वल्पविराम उडवा, तिथं दॅन बसवा. दॅन विसरलात की मार्क गेला!' पन्नास-साठ वह्यांमध्ये डिड पुढं ओढलं जातं. मागच्या बाकावरचा एखादा अतिशहाणा विचारतो, 'सर, पण याचा अर्थ काय?' सर क्षणभर थबकतात. मग म्हणतात, 'अर्थ बदलायचा नाही, एवढंच लक्षात ठेव. पेपरात अर्थ विचारलाय का?'

सर चुकीचं काही सांगत नाहीत. पेपरात खरोखरच विचारलेला नसतो.

लेखनाचं म्हणाल, तर रजेचा अर्ज बघा. महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांना इंग्रजीत एकच आजार होतो, तो म्हणजे फीव्हर. 'अ‍ॅज आय अ‍ॅम सफरिंग फ्रॉम फीव्हर.' गोवर असो, कांजिण्या असोत, सायकलवरून पडून हात मोडलेला असो की गावाला आजीचं बारावं असो, अर्जात फीव्हरच. कारण गाईडात तोच आहे, आणि त्याचं स्पेलिंग सोपं आहे. नव्या अभ्यासक्रमात 'व्ह्यू अँड काउंटरव्ह्यू' नावाचा प्रकार आला. एखाद्या विषयावरचं मत दिलेलं असतं, त्याच्या विरुद्ध बाजू मुलानं मांडायची. कल्पना झकास होती. पुण्याच्या पुस्तकबाजारात, अप्पा बळवंत चौकात, आठवडाभरात दोन्ही बाजू तयार मिळू लागल्या. मुलाला मत नसलं तरी अडत नाही, गाईडाला दोन असतात.

या परंपरेचं मूळ शोधणारे लगेच मेकॉलेकडे बोट दाखवतात. 1835 सालचं त्याचं ते टिपण, रक्तानं हिंदी आणि रुचीनं इंग्रज अशी माणसं घडवण्याचा त्याचा बेत, वगैरे. मला वाटतं, इतकी वर्षं आपण त्या माणसाला उगाच घाबरलो. त्याचा डाव कुणी उधळला असेल तर तो आपल्या प्रश्नपत्रिकांनी. पुढं विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हटलं आणि 1880 साली पुण्यात टिळकांबरोबर जी राष्ट्रीय बाण्याची शाळा काढली, तिचं नाव न्यू इंग्लिश स्कूल ठेवलं. त्या पिढ्यांनी ते दूध पचवलं. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांवर वाढलेले आजोबा कलेक्टरला असा अर्ज खरडत की वाचून कलेक्टर उठून उभा राहावा. त्या काळच्या मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात पी. सी. रेन नावाचा साहेब होता. त्यानं मार्टिन नावाच्या साहेबाबरोबर व्याकरणाचं पुस्तक केलं आणि दुसरीकडं फ्रेंच परदेशी पलटणीच्या साहसकथा लिहिल्या. वाळवंट, बंदुका, भावाभावांचं प्रेम, सगळं काही त्या कथांत. आपण त्यातलं नेमकं व्याकरण उचललं आणि ते इतकं जपलं की अजून नव्यानं छापतो आहोत.

इंग्रजी येत नाही यावर महाराष्ट्राकडं एकच औषध आहे: लवकर सुरू करा. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेरांच्या सरकारनं इंग्रजी आठवीपर्यंत मागं ढकललं होतं. मुलं मागं पडतात म्हणून ते पाचवीत आणलं. पाचवीतूनही येईना, म्हणून 2000 साली तेव्हाचे शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांनी ते थेट पहिलीत नेलं. ज्या गुरुजींना आदल्या वर्षीपर्यंत 'कमळ बघ' शिकवायचं होतं, त्यांना थोडं प्रशिक्षण देऊन 'अ फॉर अ‍ॅपल'ला जुंपलं. शिवाय त्यांच्याकडं शाळेतल्या जेवणाची खिचडी होती, मतदार याद्या होत्या, जनगणना होती. त्यातून पोरांना इंग्रजी आलं नाही, याचा दोष अर्थात उशिरा सुरुवात करण्यावर गेला. मग बालवाडीची नर्सरी झाली, नर्सरीच्या आधी प्लेग्रुप आला. आता गर्भसंस्काराच्या वर्गात फोनिक्स सुरू होण्याचंच काय ते राहिलंय. बाराव्या आठवड्यापासून प्रवेश, जुळ्यांना सवलत.

लहान मुलांवर भाषेचं ओझं नको, हे मात्र आपल्याला पक्कं पटलेलं आहे. 2025 साली पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणायचं ठरलं, तेव्हा केवढं रान पेटलं! कोवळ्या मेंदूवर ताण पडतो, मातृभाषा आधी पक्की होऊ द्या, जगभरचे तज्ज्ञ हेच सांगतात... एकेक मुद्दा लाखमोलाचा. शेवटी सरकारला त्याबद्दलचे दोन्ही शासन निर्णय मागं घ्यावे लागले आणि ठीकच झालं. त्याच कोवळ्या मेंदूला पंचवीस वर्षं पहिलीपासून इंग्रजी दिलं जातंय, याबद्दल त्या गर्दीत कुणी चकार शब्द काढला नाही. बहुधा इंग्रजीला वजन नसावं. किंवा घोषणा देणाऱ्यांना साडेबाराला मुलं आणायला इंग्लिश मीडियमच्या फाटकाशी पोचायचं असावं.

त्या फाटकाशी एकदा उभं राहाच. शाळा गावाबाहेर हायवेलगत, वर पत्रा, कमानीवर पृथ्वीचा गोल आणि नावात 'इंटरनॅशनल'. आंतरराष्ट्रीय म्हणावं असं एकच की पिवळी बस शेजारच्या तालुक्यातही जाते. आत मराठी बोललं की दंड. मॅडम स्वतः मराठी माध्यमातून शिकलेल्या, आणि त्यांचा पगार इतका की दंडाची रक्कम ऐकून त्यांनाच घाम फुटावा. बाहेर आई लेकराला सांगत असते, 'बेटा, वॉटर बॅग नीट होल्ड कर, नाहीतर फॉल होईल.' ही भाषा पोराला कळते, बाटली सांभाळली जाते. इंग्रजीतून झालेला एवढा पक्का संवाद मी तरी शाळेच्या आत ऐकलेला नाही.

ज्यांना ही फी परवडत नाही त्यांच्यासाठी सेमी आहे. सेमी-इंग्रजी हा अस्सल मऱ्हाटी शोध. 'हा ट्रँगल घ्या, त्याची अल्टिट्यूड टाका, आता एरिया किती येतोय ते बघा पाहू.' घरी आजोबा हौसेनं लसावि काढून दाखवायला बसतात, तर नातू म्हणतो, 'आजोबा, हे आम्हाला नाहीये, आम्हाला एलसीएम आहे.' आजोबा चष्मा काढून ठेवतात.

आता जो मूळ मुद्दा, तो आकड्यांचा आहे. दहावीच्या इंग्रजीत ऐंशी मार्क लेखी आणि वीस मार्क शाळेच्या हातात, श्रवण-भाषणाचे. म्हणजे मूल इंग्रजी ऐकतं का, बोलतं का, याचे. परीक्षा घेतात त्याच शाळेतले सर. तो सोहळा साधारण असा असतो:

'व्हॉट इज युवर नेम?'
'फाइन, सर.'
'व्हॉट डझ युवर फादर डू?'
'येस, सर.'
'गुड. नेक्स्ट.'

वीसपैकी अठरा. दोन कापले, कारण सर तत्त्वाचे आहेत.

2019 साली बोर्डाला अवदसा आठवली. भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे हे शाळेच्या हातातले मार्क काढून टाकले आणि त्या विषयांची सगळी परीक्षा लेखी घेतली. आदल्या वर्षी राज्याचा दहावीचा निकाल 89.41 टक्के होता, तो धाडकन 77.10 वर आला. मग काय विचारता! पालक रडले, क्लासवाले रडले, आपल्या मुलांना अकरावीला केंद्रीय बोर्डांच्या मुलांपुढं जागा मिळणार नाहीत म्हणून पुढारी रडले. पुढच्या वर्षी वीस मार्क सन्मानानं परत आणले आणि 2020 चा निकाल 95.30 टक्के लागला. त्या वर्षी कोरोनापायी भूगोलाचा पेपर रद्द झाला होता, हे कबूल. पण एकट्या भूगोलानं अठरा टक्के वर जाईल असा निकाल मला ठाऊक नाही.

म्हणजे कागदावर पाहिलं तर मराठी मुलगा इंग्रजी लिहिण्यात अडखळतो आणि बोलण्यात उजवा ठरतो. वीसपैकी अठरा बोलतो! मग पुढं तोच मुलगा इंजिनीअर होऊन पहिल्या मुलाखतीला घामाघूम का होतो, कॅम्पसच्या आधी 'तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी'वाल्याकडं पैसे का भरतो आणि कपिल देवनं जाहिरात केलेलं ते रॅपिडेक्सचं जाडजूड पुस्तक त्याच्या बापाच्या कपाटात अजून का आहे, हे कुणी विचारत नाही. विचारणार तरी कोण? शाळेला निकाल हवा, बोर्डाला निकाल हवा, मंत्र्यांना पत्रकार परिषदेत वाचायला आकडा हवा, आणि आईबापांना पेढे वाटायचे असतात. यात मुलानं इंग्रजी बोलावं अशी गरज असलेला एकच जण आहे, आणि तो तेव्हा पंधरा वर्षांचा असतो.

म्हणून बोर्डाला एक विनंती. अभ्यासक्रम बदलू नका, पुस्तकं बदलू नका, आणखी लवकर तर मुळीच सुरू करू नका. फक्त एक वर्ष त्या वीस मार्कांना बाहेरचा परीक्षक बसवा. शेजारच्या तालुक्यातला चालेल, साहेब नको. त्यानं प्रत्येक मुलाशी पाच मिनिटं बोलावं: गाव कसं आहे, काल काय केलंस, पुढं काय करायचंय. आणि त्या वीस मार्कांचा राज्याचा निकाल वेगळा छापा. तो कितीही पडला तरी पुढच्या वर्षी नियम बदलणार नाही, असं मंत्र्यांकडून आधी लिहून घ्या. मराठीत लिहून दिलं तरी चालेल.