मुम्मुणी खालीवर

माझा भाचा बदलापूरला तबला शिकतो, म्हणजे बाकीचे सगळे विषयही तो तबल्यावरच शिकतो. ‘सात आठे किती?’ असं विचारलं की स्वारी ‘सात एके सात’पासून निघते आणि डोलत डोलत छप्पन्नवर उतरते. मधे कुकरची शिट्टी झाली तर पुन्हा समेवरून.

इतिहासाची तर कमाल. अंबरनाथच्या शिवमंदिराचा शिलालेख शके 982 चा, म्हणजे इसवी सन 1060, राजा शिलाहार मुम्मुणी. एवढा ऐवज त्याने झपतालात बसवला. झपताल 10 मात्रांचा, सहाव्या मात्रेवर खाली. तिथे डग्ग्याने गप्प बसायचं. नेमका मुम्मुणी सहाव्या मात्रेवर आला. तोंडी परीक्षेत राजाचं नाव कुणालाच ऐकू गेलं नाही. लेखी परीक्षेत तर तिथे कोरी जागा! ‘अरे, हे काय?’ तर म्हणे, ‘मामा, तिथे खाली आहे ना!’

हॉवर्ड गार्डनर यांनी 1983 साली बुद्धिमत्ता सात प्रकारची असते असं मांडलं. त्यात सांगीतिक बुद्धी वेगळी धरली. बऱ्याच मानसशास्त्रज्ञांना ते अजून पटलेलं नाही. आमच्या ताईला मात्र गणिताचा पेपर हातात पडताक्षणी पटलं. मला विचाराल तर या पोरांच्या डोक्यात आधी वजन बसतं, शब्द मागून जागा धरतात. वजन जमलं की चुकीचा शब्दही खुशाल मुक्काम ठोकतो.

भूगोल त्याला लोकलने शिकवला. कल्याण सुटलं की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ ही द्रुत; मग बदलापूरपर्यंत लांबलचक विलंबित. एकदा संध्याकाळच्या गाडीत भजनी मंडळ रंगात आलं होतं. हा बाकावर बोटं वाजवत म्हणाला, ‘काका, तुमची लय वाढतेय.’ माझ्या पोटात गोळा आला. टाळवाले काका म्हणाले, ‘वाढवतोय रे बाळा. बदलापूर आलं, गजर उरकायला नको?’

गुरुजींनी हल्ली तिहाई शिकवली आहे: एकच तुकडा तीनदा, तिसऱ्याचा शेवट बरोबर समेवर. त्या दिवशी फलाटावर पाय ठेवल्यापासून ‘मामा, वडापाव’ सुरू झालं. तिसरा ‘पाव’ आला तेव्हा आम्ही बरोबर गाडीवाल्यासमोर उभे होतो.

दाद म्हणून दोन घेतले.