आवाज बंद करून बहिष्कार

मुलुंडमध्ये राष्ट्रभक्ती मोजायची एक सोपी सोय आहे. भारत-पाकिस्तान सामन्याच्या संध्याकाळी सोसायटीच्या आवारात उभं राहायचं आणि कोणाच्या घरातून टीव्हीचा आवाज येतोय ते ऐकायचं. १४ सप्टेंबर २०२५ला रविवार होता. पहलगामच्या हत्याकांडाला पाच महिनेही झाले नव्हते, आशिया चषकाचा सामना दुबईत होता आणि आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळपासून बहिष्काराचे संदेश पडत होते. रात्री आठला खरोखरच सगळीकडे चिडीचूप. एकाही घरातून समालोचन नाही. मला भरून आलं. तेवढ्यात हार्दिक पांड्यानं पहिल्याच षटकात सईम अयुबला टिपलं आणि तळमजल्यापासून सातव्या मजल्यापर्यंत एकाच दमात आरोळी उठली.

सेक्रेटरींना विचारलं. ते म्हणाले, "आवाज बंद ठेवलाय. जाहिराती ऐकत नाही. म्हणजे त्यांना आपल्याकडून काही मिळत नाही." सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेत, त्यामुळे पैशाच्या बाबतीत मी त्यांच्याशी वाद घालत नाही.

मी तसा जुन्या वळणाचा माणूस. शर्ट खोचलेला असावा, पंचानं बोट वर केलं की निमूट चालू लागावं, बाद झाल्यावर मोठ्या पडद्याकडे बघत तोंड वाकडं करू नये, अशा मताचा. सूर्यकुमार यादवनं त्या रात्री पाकिस्तानच्या कप्तानाशी हात मिळवला नाही, ते मला मनापासून पटलं. सूर्यकुमार आपल्या अणुशक्तीनगरात वाढलेला मुलगा. विजय त्यानं सैन्यदलांना अर्पण केला, तेही पटलं. फक्त हात मिळवायचा नव्हता तर नाणेफेकीला कशाला गेलात, एवढं कोणीतरी मला समजावून सांगा. पंधरा दिवसांत आपण त्यांच्याशी तीनदा खेळलो, तीनदा जिंकलो आणि तिन्ही वेळा हात खिशात. अंतिम सामन्यानंतर पाकिस्तानचे मंत्री आणि आशियाई क्रिकेट परिषदेचे अध्यक्ष मोहसीन नक्वी यांच्या हातून करंडक घेणार नाही म्हटलं, तर ते करंडकच घेऊन गेले. पोरांनी मग रिकाम्या हातांनी करंडक उंचावल्यासारखं करून फोटो काढले. सरकारचं धोरणही स्वच्छ आहे: दोनच देशांची मालिका असेल तर खेळायचं नाही, चार-सहा देश जमले असतील तर खेळायचं. म्हणजे भाऊबंदकीतल्या माणसाच्या घरी जायचं नाही, पण लग्नात त्याच्याच पंगतीला बसायचं आणि वाढप्याला सांगायचं, त्यांच्या ताटात आधी वाढू नका. प्रक्षेपणाच्या हक्काचे पैसे मात्र दोघांनी मोजून घ्यायचे.

१४ सप्टेंबरच्या त्याच पहिल्या सामन्याच्या दिवशी उद्धव ठाकऱ्यांच्या शिवसेनेनं 'माझं कुंकू, माझा देश' म्हणून आंदोलन केलं. या पक्षाचा या विषयातला अनुभव मोठा आहे. तरुण वाचकांना कदाचित ठाऊक नसेल, पण या क्षेत्रातला पहिला मोठा विक्रम आपल्याच भांडुप-मुलुंड पट्ट्याच्या नावावर आहे. ऑक्टोबर १९९१मध्ये शिशिर शिंदे आणि त्यांच्या शिवसैनिकांनी वानखेडेची खेळपट्टी खणून ठेवली आणि पाकिस्तानचा अख्खा दौरा रद्द झाला. त्या काळी बहिष्काराला निदान कुदळ लागायची. उन्हात उभं राहून घाम गाळावा लागायचा, अंगावर केस घ्यावी लागायची. आता अंगठ्यानं एक हॅशटॅग पुढे ढकलला की झालं. मला त्या खणण्याचं कौतुक नाही. चांगली बनलेली खेळपट्टी हे मी देवघरासारखं मानतो. पण माणूस जे बोलला ते त्यानं स्वतःच्या हातानं केलं, हे मानावंच लागेल. पुढे शिंदे मनसेत गेले, भांडुपमधून आमदार झाले, परत शिवसेनेत आले, मग दुसऱ्या शिवसेनेत गेले. आणि शारजात शेवटच्या चेंडूवर षटकार मारून ज्यानं १९८६मध्ये आपली झोप उडवली तो जावेद मियाँदाद २००४मध्ये साक्षात मातोश्रीवर पाहुणा म्हणून आला. बाळासाहेबांनी त्याचं छान स्वागत केलं. खेळपट्टी तेवढी उगाच गेली.

तर आता त्याच भांडुपच्या दुसऱ्या विक्रमाकडे येऊ. भारताची क्रिकेटपटू जेमिमा रॉड्रिग्जचा जन्म भांडुपचा. वानखेडे खणलं गेलं त्यानंतर नऊ वर्षांनी जन्मलेली ही मुलगी. खेळायला बरी मैदानं मिळावीत म्हणून घरचे पुढे वांद्र्याला राहायला गेले. मुलगी हॉकीत महाराष्ट्राकडून खेळली, १९ वर्षांखालच्या सामन्यात सौराष्ट्राविरुद्ध नाबाद २०२ केल्या. आपल्याकडे पालकांनी मुलीच्या खेळासाठी घर बदललं, हीच मुळात पेपरात छापून यावी अशी बातमी. शाळा बदलायला, क्लास बदलायला घर बदललेले आमच्या सोसायटीत पुष्कळ आहेत. २०२३मध्ये खार जिमखान्यानं जेमिमाला मानद सदस्यत्व दिलं. ऑक्टोबर २०२४मध्ये ती अमिरातीत टी-२० विश्वचषक खेळून येते न येते तोच, त्याच जिमखान्याच्या सर्वसाधारण सभेनं ते काढून घेतलं. कारण काय, तर तिच्या वडिलांनी जिमखान्याचा हॉल धार्मिक कार्यक्रमांसाठी वापरला. काही सदस्यांनी धर्मांतराचाही संशय बोलून दाखवला. वडिलांचं म्हणणं असं की प्रार्थनासभा झाल्या त्या जिमखान्याच्या रीतीनुसार आणि पदाधिकाऱ्यांना माहीत असताना. दारं सर्वांना उघडी होती, धर्मांतराचा काही संबंध नाही.

इथे मी जिमखान्याच्या बाजूनं एक वाक्य बोलणार आहे. घटना म्हणजे घटना. धार्मिक कार्यक्रम नकोत असं नियमात लिहिलं असेल तर नकोत. प्रार्थना नको, कीर्तन नको, मौलूद नको. असा नियम सरसकट पाळणारी एखादी संस्था उपनगरात सापडली तर मी तिचा आजीव सदस्य व्हायला तयार आहे. शोध चालू आहे. बोरिवलीला प्रमोद महाजनांच्या नावाचं क्रीडासंकुल आहे. तिथे नवरात्रात फाल्गुनी पाठक गायला येतात तेव्हा मैदानात मुंगीला पाय ठेवायला जागा नसते. तिकीट काढून जातात लोक. तो कार्यक्रम धार्मिक आहे असं म्हणायची माझी छाती नाही. तो सांस्कृतिक. आपला ढोल सांस्कृतिक असतो आणि दुसऱ्याची गिटार धार्मिक असते, हे आता मुलंसुद्धा सांगतील. जेमिमा गिटार वाजवते, हे प्रकरण तिच्यावर शेकायला तेही एक कारण असावं.

आणि जिमखान्यात धर्म शिरला म्हणून ज्यांना धक्का बसला त्यांनी एकदा मरीन ड्राइव्हवरून हळू चालत जावं. पाट्या वाचाव्यात. हिंदू जिमखाना, इस्लाम जिमखाना, पारशी जिमखाना, कॅथलिक जिमखाना. या शहराचं क्रिकेटच धर्माच्या पंगतीनं वाढलेलं. १९१२पासून चौरंगी सामने व्हायचे: युरोपियन, पारशी, हिंदू, मुसलमान. पळवणकर बाळूंसारखा जगात खपेल असा फिरकी गोलंदाज हिंदूंच्या संघात होता. त्यांनी काढलेले बळी चालायचे, पण पुण्यात चहा मातीच्या वेगळ्या भांड्यात मिळायचा आणि कप्तानपद शेवटपर्यंत मिळालं नाही. ते १९२३मध्ये त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळालं. १९३७पासून पाचवा संघ आला. त्याचं नाव 'द रेस्ट', म्हणजे बाकीचे. ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यांचं कुठेच जमत नाही ते सगळे त्यात. सांगलीचे मराठी ख्रिस्ती विजय हजारे या बाकीच्यांकडून खेळायचे. १९४३-४४च्या अंतिम सामन्यात हिंदूंच्या गोलंदाजीवर त्यांनी ३०९ धावा केल्या, तेव्हा सगळ्या संघाच्या मिळून ३८७ होत्या. भाऊ विवेक दुसऱ्या टोकाला उभा होता, त्यानं एकवीस केल्या आणि भागीदारी झाली तीनशेची. गांधीजींनी या धर्मवार क्रिकेटला १९४०मध्येच नको म्हटलं होतं, बंद व्हायला १९४६ उजाडलं. हजारेंच्याच कप्तानपदाखाली १९५२मध्ये भारतानं पहिली कसोटी जिंकली. आज त्यांच्या नावाच्या करंडकासाठी सगळी राज्यं दरवर्षी झगडतात आणि हजारेंचा धर्म कोणी विचारत नाही. ते बहुधा आपलेच कोणीतरी हजारे असावेत, असा समज आहे. तो तसाच राहू द्यावा.

सदस्यत्व गेल्याला वर्ष उलटतंय तोच, ३० ऑक्टोबर २०२५ला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर विश्वचषकाची उपांत्य फेरी झाली. ऑस्ट्रेलियानं ३३८ केलेल्या. महिलांच्या एकदिवसीय सामन्यात एवढा पाठलाग कोणी यशस्वी केला नव्हता. याच स्पर्धेत जेमिमाला एका सामन्यात बाहेर बसवलेलं आणि आज तिसऱ्या क्रमांकावर जायचंय हे तिला पाचच मिनिटं आधी कळलेलं. १३४ चेंडूंत नाबाद १२७. कप्तान हरमनप्रीतच्या ८९. नऊ चेंडू राखून सामना खिशात. आणि मग ती पोर रडली. गेले कित्येक दिवस मन थाऱ्यावर नव्हतं, रोज रडत होते, असं माईकसमोर सांगितलं. येशूचे आभार मानले.

झालं. आमच्या ग्रुपवर रात्री साडेअकरापर्यंत 'भारत की शेरनी' होती, पावणेबाराला 'देवाचं नाव मैदानात कशाला' सुरू झालं. हा प्रश्न ज्यांनी विचारला त्यांच्या डीपीवर अनुक्रमे सिद्धिविनायक, स्वामी समर्थ आणि शिर्डीचे साईबाबा होते. सचिननं शतक केलं की आकाशाकडे बघायचा तेव्हा तो हवामानाचा अंदाज घ्यायचा, असं यांचं मत असावं. मला विचाराल तर एका परंपरावाद्याला याहून समाधान देणारं दृश्य नाही: मुलीनं कष्ट केले, आईवडिलांना मान दिला, यश मिळाल्यावर मी केलं म्हणाली नाही, देवानं करवून घेतलं म्हणाली. हेच तर आपण लहानपणापासून पोरांना शिकवतो. फक्त देव कोणता ते आधी ऑफिसात विचारून घ्यायचं राहिलं.

दुसरीकडच्या मंडळींनीही हुरळून जाऊ नये. २०२१मध्ये दुबईत पाकिस्तानविरुद्धच्या सामन्याआधी आपला संघ एका गुडघ्यावर बसला. अमेरिकेतल्या वर्णद्वेषाचा निषेध. सगळ्या पुरोगामी मित्रांना केवढा आनंद झाला. तो सामना आपण दहा गडी राखून हरलो आणि त्याच रात्री आपल्याच लोकांनी मोहम्मद शमीला देशद्रोही ठरवलं. अमेरिकेपर्यंत पोचलेली करुणा अमरोह्याच्या शमीसाठी घरातून निघेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. विराट कोहली उघडपणे बोलला, तेवढाच काय तो आधार. मार्च २०२५मध्ये तोच शमी रमजानच्या दिवसांत सामन्यात पेय पिताना दिसला, तर एका मौलानांनी त्याला गुन्हेगार ठरवलं. बाद करायचं म्हटलं की दोन्ही टोकांचे पंच बोट वर करतात, अपील कोणी केलं ते बघतसुद्धा नाहीत.

त्याच महिन्यात काँग्रेसच्या प्रवक्त्या शमा मोहम्मद यांना आमच्या बोरिवलीच्या रोहित शर्माचं पोट दिसलं. त्यावर भाजपचे नेते त्या पोटाच्या रक्षणाला धावले आणि आठवडाभर देशात लोकसभेत नसेल एवढी चर्चा एका माणसाच्या कमरेवर झाली. रोहितनं आठवड्यानं अंतिम सामन्यात ७६ काढून चॅम्पियन्स करंडक आणला. बोरिवलीत वडापावच्या गाडीवर या विषयावर दोन्ही पक्षांचं एकमत असल्याचं मी स्वतः पाहिलं. विषय एवढाच.

२ नोव्हेंबरला मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला आणि दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी सभा बोलावली. जेमिमाचा सत्कार करायचा, भांडुप म्हणजे आपल्या शेजारचीच मुलगी, हे एकमतानं ठरलं. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, खर्च सिंकिंग फंडातून नको एवढीच सूचना आली. मग कोणीतरी हॉलचा विषय काढला. आमच्या हॉलच्या अर्जावर 'कार्यक्रम धार्मिक स्वरूपाचा नसावा' असं छापलेलं आहे. सत्काराला उत्तर देताना तिनं पुन्हा कोणाचे आभार मानले तर काय, यावर पाऊण तास गेला. अखेर तिला भाषणाचा मसुदा आधी पाठवायला सांगावं, असा ठराव झाला. तिला या सत्काराबद्दल अजून कोणी विचारलेलं नाही. तारीख मात्र संध्याकाळची धरली आहे, कारण त्या दिवशी सकाळी हॉलमध्ये सत्यनारायण आहे.