स्ट्राँबोली व्हाया भाईंदर

शेजाऱ्यांचा भाचा आठवडाभरासाठी यॉट घेऊन सिसिलीजवळच्या स्ट्राँबोलीला निघालाय. रात्री डेकवर पडून ज्वालामुखी बघायचा म्हणे. आम्ही भाईंदर पश्चिमेच्या जेट्टीवर जातो. फेब्रुवारी २०२४ पासून वसईची रो-रो आहे; स्कूटरसकट चढा, थोड्या वेळात पल्याड. शेफ नाही, पण डब्यातला वडापाव अजून कोमट असतो. मागे रेल्वेचा पूल, पाणजू बेट. लोकलच्या दारातून निर्माल्याची पिशवी सुटते आणि खाडीत झेंडू तरंगतो. हीच आमची आतषबाजी. राहता राहिला ज्वालामुखी. घोडबंदरच्या डोंगरातला काळा दगड लाव्ह्याचाच, सहा कोटींहून जास्त वर्षांपूर्वीचा. आम्हाला पोचायला जरा उशीर झाला इतकंच. लोकल लेट होती.