नई सडकेवरची कॅसिनो नाईट आणि न सापडलेली खिडकी

समजा, ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, नई सडकेवर, एका मराठी मंडळाची सभा भरली आहे. सभागृहाचे छत गळते आहे, गणेशोत्सव तोंडावर आला आहे, आणि पावतीपुस्तक घेऊन फिरणारे कार्यकर्ते दिसले की दाल बाजारातले शेठजी मुनीमजींना पुढे करून मागच्या दाराने पसार होतात. अशा वेळी न्यू जर्सीहून सुट्टीवर आलेली एक सूनबाई म्हणते, “काका, आपण चॅरिटी कॅसिनो नाईट ठेवू या. एका रात्रीत छत होईल.”

खजिनदारकाकांच्या हातातला चहा हातातच राहतो.

सूनबाई खोटे बोलत नाही. न्यू जर्सीत १९५४ पासून यासाठी कायदा आहे. धर्मादाय संस्थेने आधी राज्याच्या आयोगाकडे नोंदणी करायची, क्रमांक मिळवायचा, मग आपल्या नगरपालिकेच्या क्लार्ककडे जाऊन परवान्याचा अर्ज भरायचा. तिथल्या यादीत कॅसिनो नाईट आहे, लकी ड्रॉ आहे आणि पाण्यात प्लास्टिकची बदके सोडून कुणाचे बदक पहिले येते ते पाहण्याची शर्यतही आहे. बदकांच्या शर्यतीलासुद्धा सरकारी कागद लागतो म्हटल्यावर काकांच्या मनात त्या देशाविषयीचा आदर दुणावतो. “मग आपणही परवाना काढू,” काका म्हणतात, “कलेक्टोरेटमध्ये ओळख आहे.”

इथून खरी गंमत सुरू होते. मंडळ मध्य प्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम, १९७३ खाली नोंदलेले. लाउडस्पीकर लावायचा तर राज्याचा १९८५ चा कोलाहल नियंत्रण अधिनियम आहे आणि परवानगी द्यायला अधिकारी आहे. रात्री दहानंतर आवाज बंद, हेही ठरलेले. मंडपाची परवानगी वेगळी, जेवणाच्या ठेकेदाराचा कागद वेगळा. म्हणजे जुगाराच्या आजूबाजूच्या प्रत्येक गोष्टीला खिडकी आहे. मधल्या टेबलावर जे चालणार, त्याची खिडकी मात्र कोणत्याच मजल्यावर नाही. त्यासाठी आहे ते थेट पोलीस ठाणे.

तिथे भेटतो तो सार्वजनिक जुगार अधिनियम, १८६७. ग्वाल्हेरच्या हिंदी वर्तमानपत्रांत ‘जुआ एक्ट’ म्हणून रोज छापून येणारा हाच. १८५७ च्या बंडाला दहा वर्षे झाली होती, तेव्हाचा कायदा. मूळ दरपत्रक वाचण्यासारखे आहे. जुगाराचा अड्डा चालवणाऱ्याला दंड २०० रुपयांपर्यंत किंवा तीन महिने कैद. अड्ड्यात सापडलेल्याला १०० रुपयांपर्यंत किंवा एक महिना. रस्त्यात खेळताना, किंवा कोंबड्या-बुलबुलांच्या झुंजी लावताना सापडलेल्याला ५० रुपयांपर्यंत. आणि पकडल्यावर खोटे नाव सांगितले तर? ५०० रुपयांपर्यंत! अड्डा काढण्यापेक्षा अडीचपट महाग. जुगार हा फार तर दुर्गुण, पण पंचनाम्यात चुकीचे आडनाव म्हणजे साम्राज्याच्या दप्तराशी द्रोह, असा साहेबाचा हिशेब असावा. खबऱ्याला अड्ड्याच्या दंडातला वाटा देण्याची सोयही याच कायद्यात आहे. धर्मादायाचा उल्लेख म्हणाल तर मूळ मजकुरात खबऱ्याइतके औदार्य दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आलेले नाही.

राज्याने पुढे या कायद्यात दुरुस्त्या केल्या. त्यातल्या कलम ४-क मध्ये चक्क वरळी मटका नावानिशी आला आहे. मुंबईच्या गिरणगावातून निघालेला आकडा ग्वाल्हेरच्या ठाण्यात अधिकृतपणे पोचला. मराठी माणसाने उत्तरेत काय नेले याची यादी करताना शिंदे-होळकरांनंतर हेही नाव घ्यावे लागेल.

तरी एक फट आहे. ज्या खेळात निव्वळ कौशल्य लागते, त्याला हा कायदा लागू नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात सांगून टाकले की रमी हा कौशल्याचा खेळ आहे, कारण कोणती पाने पडली ते ध्यानात ठेवावे लागते, जुळणी करावी लागते. तीनपत्तीला मात्र ही प्रतिष्ठा मिळाली नाही. मंडळाची पंचाईत अशी की मंडळातल्या ज्येष्ठांना काल काय जेवलो ते आठवत नाही, पण तीनपत्तीत ते कुणाला हार जात नाहीत. आणि हौजी? जिला ग्वाल्हेरात तंबोला म्हणतात, आणि जी क्लबांपासून कॉलन्यांच्या दिवाळी मिलनापर्यंत सगळीकडे निर्धास्त चालते? तिच्यात कौशल्य एवढेच की आकडा ओरडणाऱ्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचावा.

“मग लकी ड्रॉ काढू,” कुणीतरी मागून म्हणते. काढा की. राज्याने काढलेली किंवा राज्याने अधिकृत केलेली नसेल अशा लॉटरीचे कार्यालय चालवणे हा गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम २९४-अ होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे २९७ आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद. नुसती जाहिरात छापली तरी ५,००० रुपयांपर्यंत दंड. सरकारची गोष्ट वेगळी. मुंबईच्या टाऊन हॉलसाठी कंपनी सरकारच्या काळात लॉटरी काढून झाली. तेवढ्याने भागले नाही, आणि इमारत १८३३ साली कशीबशी पुरी झाली. महाराष्ट्र शासन तर १९६९ पासून स्वतःच लॉटरी चालवते आहे.

कायद्यांच्या बाबतीत १९७६ हे साल मात्र सुवर्णाक्षरांनी लिहावे असे आहे. त्या वर्षी गोवा, दमण व दीवमध्ये जुगार रोखणारा कायदा झाला. त्याच वर्षी महाराष्ट्रात कॅसिनोंना परवाने देऊन कर लावणारा कायदा झाला. पुढे काय व्हावे? जुगारबंदीच्या कायद्यात गोव्याने १९९२ साली एक कलम घुसवून पंचतारांकित हॉटेलांत जुगाराची यंत्रे आणली, मग बोटींवर टेबले आणली, आणि आज मांडवीत कॅसिनोंच्या बोटी नांगर टाकून उभ्या आहेत. २०२० मध्ये त्यांत गोवेकरांनाच प्रवेश बंद झाला. लक्ष्मी घरची नको, बाहेरची चालेल. उलट महाराष्ट्राचा परवानगी देणारा कायदा ४७ वर्षे पुस्तकात पडून राहिला, एका दिवसापुरताही अमलात आला नाही, आणि २०२३ साली शासनाने तो रद्द केला. जिथे बंदी तिथे बोटी, जिथे मुभा तिथे शुकशुकाट. खजिनदारकाकांनी हे ऐकून जो निष्कर्ष काढला तो इतिवृत्तात नोंदवण्यासारखा नाही.

ब्रिटनने आपल्याला १८६७ चा कायदा दिला आणि स्वतः २००५ साली नवा केला. त्याखालच्या नियमांत बिगरव्यावसायिक मंडळींनी निधीसाठी सर्वांना समान संधीचा खेळ ठेवला तर एका माणसाकडून दिवसाला जास्तीत जास्त ८ पौंड घ्यायचे, बक्षिसांची बेरीज साधारणपणे ६०० पौंडांच्या आत ठेवायची, असे सरळ लिहिले आहे. छोट्या धर्मादाय लॉटरीसाठी स्थानिक कौन्सिलकडे ४० पौंड भरून नाव नोंदवायचे. आपली न्याय संहिता याहून भव्य विचार करते. तिच्या कलम ११२ मध्ये गटाच्या किंवा टोळीच्या सदस्याने केलेला अनधिकृत जुगार हा ‘लहान संघटित गुन्हा’ असून शिक्षा एक ते सात वर्षे आहे, आणि यादीत शेजारी चोरी आणि परीक्षेचे पेपर विकणे आहे. नोंदणीकृत मंडळ हा गट की टोळी, यावर सभेत दोन तट पडतात. माजी अध्यक्ष म्हणतात टोळी, कारण ते मागच्या निवडणुकीत पडले आहेत.

रात्री साडेनऊला ठराव होतो. कॅसिनो नाईटऐवजी सुगम संगीताची मैफल. तिकीट लावायचे नाही, ‘देणगी प्रवेशिका’ लावायची. लाउडस्पीकरचा अर्ज सहसचिवांनी सोमवारी द्यावा. कार्यक्रमपत्रिकेत हौजी छापायची नाही, मध्यंतरासमोर ‘इतर मनोरंजन’ एवढेच लिहायचे. आकडे कोण ओरडणार, यावर मात्र तासभर चर्चा चालते.