या, मुरगूडला या! : डेटाचोरास अनावृत पत्र

सन्माननीय डेटाचोर महाशय यांस,
सा. न. वि. वि.

आपण रात्ररात्र जागून पासवर्ड शोधता, खोट्या लिंका पाठवता, बँकेचा माणूस बोलतोय म्हणून दिवसाला शंभर फोन करता, हे वाचून जीव हळहळतो. एवढे कष्ट कशाला? पुणे-बेंगळुरू महामार्गावर निपाणीला उतरा आणि राधानगरीच्या रस्त्याने मुरगूडला या. कागल तालुक्यातले, वेदगंगेकाठचे हे आमचे गाव. मी इथे राहतो आणि पोटासाठी कायदा शिकवतो. सध्या वर्गात डेटा संरक्षणाचा कायदा चालू आहे. तेव्हा आठवड्याचे वेळापत्रकच आपल्या सोयीसाठी कळवतो.

सोमवारी शिष्यवृत्तीचे अर्ज. महाडीबीटीवर ऑनलाइन भरलेल्या अर्जाची छापील प्रत, सोबत आधार, रेशनकार्ड, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, पासबुकाचे पहिले पान, सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स. तीनच का, हे ठाऊक असलेला शेवटचा क्लार्क बहुधा निवृत्त झाला. आपण मात्र महाविद्यालयात शिरू नका, समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात जा. तिथे भिंतीवर व्हॉट्सॲपचा नंबर चिकटवलेला असतो. “टाका की सर त्यावर, लगीच काढून देतो.” टाकलेले सगळे त्या संगणकात सुखाने नांदते. पंचक्रोशीतले आधार, सातबारे, गुणपत्रके, दवाखान्याचे रिपोर्ट, सारे एकाच फोल्डरात. दुकानदार सज्जन आहे. काम झाल्यावर पुसायचे असते, एवढेच त्याला कुणी सांगितलेले नाही.

माझे ऐकून एका विद्यार्थ्याने मास्क्ड आधार जोडले, म्हणजे शेवटचे चारच आकडे दिसणारे. ते खिडकीतून परत आले. “ह्ये अर्धंच छापलंय बाळा, पूर्ण नंबरचं आण जा.” क्लार्कला तरी काय बोलणार? मे 2022 मध्ये आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयाने ‘झेरॉक्स कुणालाही देऊ नका, मास्क्ड वापरा’ असे पत्रक काढले होते. लोकांचा गैरसमज होईल म्हणून केंद्राने ते दोनच दिवसांत मागे घेतले. देशातला पहिला आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिला गेला. त्यामुळे आधारच्या झेरॉक्स काढण्याच्या अनुभवात महाराष्ट्राचा हात कुणी धरू शकणार नाही.

मंगळवारी माझा तास. विषय पुट्टस्वामी खटला. 24 ऑगस्ट 2017, सर्वोच्च न्यायालयाचे नऊ न्यायमूर्ती, एकमुखी निकाल: खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. आणीबाणीतला 1976 चा जबलपूर खटल्याचा निकाल न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी इथे चुकीचा ठरवला, आणि तो निकाल देणाऱ्या बहुमतात त्यांचे वडील यशवंतराव होते, हे सांगितले की वर्ग भारावतो. तेवढ्यात बाकांवरून हजेरीचा कागद फिरतो: नाव, प्रवर्ग, मोबाइल, ईमेल, सही. शेवटच्या बाकावर त्याचा फोटो निघतो आणि ग्रुपवर पडतो. गैरहजर मित्राला आपली सही नीट झालीय का ते पाहता यावे, एवढाच शुद्ध हेतू.

बुधवारी नॅकच्या फायली. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकला पुरावा लागतो, आणि पुरावा म्हटले की आमच्या अंगात येते. कुणाला कोणती शिष्यवृत्ती मिळाली, कुणाला कुठे नोकरी लागली, फोन नंबरांसकट याद्या वेबसाइटवर चढतात. समिती येऊन, जेवून, जाऊन वर्षे होतात. याद्या तिथेच असतात.

गुरुवार आपण संस्कृतीसाठी राखून ठेवा. आमच्याकडे लग्नाचा बायोडाटा नावाचा दस्तऐवज असतो. त्यात जन्मतारीख, मिनिटासकट जन्मवेळ, रक्तगट, उंची, पगार, बागायत किती, जिरायत किती, वडिलांचा मोबाइल आणि मामाचे नाव-गाव असते. खाते उघडताना बँक गुप्त प्रश्न विचारते, ‘आईचे माहेरचे आडनाव काय?’ त्याचे उत्तर आम्ही गणपतीच्या चित्राखाली छापून सोळा ग्रुपांवर पाठवलेले असते.

शुक्रवारी मात्र येऊ नका. त्या दिवशी आमच्याकडे गुप्तता पाळली जाते. एका शेतकऱ्याने एका कार्यालयाकडे माहिती अधिकारात विचारले, अवजारांचे अनुदान कुणाकुणाला मिळाले? उत्तर आले: ‘सदर माहिती वैयक्तिक असल्याने देता येत नाही.’ तो कागद घेऊन तो माझ्याकडे आला. “सर, माझा आधार सगळ्या तालुक्याला पाठ हाय, आन् सरकारचा पैसा कुणाच्या घरात गेला ते तेवढं खासगी?”

मी प्राध्यापक असल्याने त्याला कलम सांगितले. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 8(1)(जे) मध्ये पूर्वी अटी होत्या. जिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा जिने विनाकारण कुणाच्या खासगीपणावर घाला येतो, तेवढीच माहिती नाकारता येई. जी माहिती संसदेला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारू नये, असेही तिथे लिहिले होते. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याच्या कलम 44(3) ने हे सगळे छाटले आणि ‘वैयक्तिक माहिती’ एवढेच ठेवले. कलम 8(2) मध्ये लोकहिताची तरतूद अजून आहे, पण लोकहित कशात आहे ते आधी कार्यालयातला साहेबच ठरवणार. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे कार्यालयांना पूर्वीपासून ठाऊक होते. आता मुठीला कायद्याचे कुलूपही मिळाले.

शनिवारी अर्धा दिवस, म्हणून फक्त तारखा सांगतो. डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले. माहिती अधिकाराला कात्री लावणारे कलम लगेच लागू झाले. विद्यार्थ्याची संमती घेणे, त्याचा डेटा सांभाळणे, चोरी झाली तर त्याला कळवणे, या जबाबदाऱ्यांसाठी मात्र 18 महिन्यांची सवड, म्हणजे मे 2027 उजाडेल. उघडे आहे ते झाकायला दीड वर्ष, आणि उघडायला हवे ते झाकायला एक दिवसही नाही. डेटा नीट न सांभाळणाऱ्यास पुढे 250 कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकेल, पण तो जमा होणार भारताच्या संचित निधीत. ज्याचे खाते रिकामे झाले, त्याला त्यातला रुपयाही नाही. तेव्हा आपण निर्धास्त असा, तो दंड आपल्यासाठी नाहीच.

एकच उपकार करा. एवीतेवी आपण सगळीकडे शिरताच, तर मुलांच्या आधार-पासबुकांना हात न लावता त्या अनुदानाची यादी तेवढी काढून आणा. ती मिळवण्याचा सरळ मार्ग आम्हाला होता, तो आता फार अरुंद झाला आहे.

कळावे, लोभ नसावा.

आपला,
कायद्याचा एक प्राध्यापक, मुरगूड

ता. क. : ही तक्रार समजू नये. खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केल्यास याच कायद्याने सामान्य नागरिकाला 10,000 रुपयांपर्यंत दंड ठेवला आहे, आणि क्षुल्लक कशाला म्हणायचे ते मी ठरवणार नाही.